चारशे बारावी ओळ

काकांना ऑफिसात कुणी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस, चष्मा कायम कपाळावर ढकललेला, आणि तोंडात एकच शब्द: "ठीक." तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नऊ जण बसून दवाखान्यांसाठी एक प्रोग्रॅम चालवत. रुग्णाचं वजन भरायचं, औषध निवडायचं, की डोस किती ते पडद्यावर येई, आणि नर्स तो आकडा वाचून सुई भरे. हा प्रोग्रॅम काकांनी बारा वर्षांपूर्वी एकट्याने उभा केला होता. त्यानंतर माणसं आली, गेली, मॅनेजर तर चार बदलले. काका आपले खिडकीजवळच्या खुर्चीत तसेच.

ऑफिसात एक नियम होता. एकाने प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की दुसऱ्याने ते ओळ न ओळ वाचायचं, आणि त्याने मंजूर केल्यावरच ते पुढे दवाखान्यात जायचं. नियम चांगलाच आहे हो, कोण नाही म्हणतंय? पण वाचायचं कुणी? काकांकडे पाठवलं की चहाचा कप खाली ठेवायच्या आत "ठीक" यायचं. म्हणून जो तो काकांकडेच पाठवायचा. काकांना वाटायचं, काय हा पोरांचा आपल्यावर विश्वास! विश्वास कसला डोंबलाचा, सगळ्यांना लवकर घरी जायचं असायचं.

एक शंकासूर तेवढा अपवाद. प्रोग्रॅम मोडतो कुठे ते शोधणं हेच त्याचं काम, आणि मुळात स्वभावही तसलाच. नाव त्याला काकांनीच ठेवलेलं. तो वाचायला बसला की दोन दिवस गेले म्हणून समजा.

आणि दीड वर्षापूर्वी आल्या मास्तरीणबाई. शाळेत गणित शिकवायच्या, शाळा बंद पडली, आणि चाळिशी उलटल्यावर ही बाई नव्याने प्रोग्रॅमिंग शिकली. सतरा ठिकाणी नकार पचवून इथे लागली. घरात कमावणारी ती एकटी, मुलगी अजून शिकतेय. पहिल्याच आठवड्यात काकांनी तिला असं काम दिलं की ज्याच्याकडे बघून बाकीचे कानावर हात ठेवत. प्रोग्रॅम तोवर अडगळीच्या खोलीतल्या जुन्या सर्व्हरवर होता. तो सगळा नव्या जागी हलवायचा आणि हलवता हलवता एका अवजाराने त्याची झाडलोट करायची. म्हणजे ओळी सरळ करायच्या, मोकळ्या जागा सारख्या करायच्या. अर्थाला हात लावायचा नाही.

बाईंनी विचारलं होतं, "काका, जुना इतिहासही आणू का? कुठली ओळ कुणी कधी लिहिली तो?"

"जुनं उकरून काय करायचंय?" काका म्हणाले होते.

बाईंनी तीन आठवडे मान मोडून काम केलं. नव्या जागी एक सोय होती. एक आज्ञा द्यायची, की प्रत्येक ओळीशेजारी तिला शेवटचा हात कुणी लावला त्याचं नाव आणि तारीख दिसते. आता अकरा हजार ओळींशेजारी एकच नाव दिसायला लागलं, बाईंचं. "बाई, अख्खं घर तुमच्या नावावर झालं की!" म्हणून सगळे हसले. बाईही हसल्या. तो बदल तपासायला काकांकडेच आला होता. काकांनी त्यावर काय लिहिलं असेल ते मी सांगायला नको.

हे सगळं सोमवारी दुपारपर्यंत ठीक होतं.

सोमवारी दुपारी एका दवाखान्याचा फोन आला. अडतीस किलो वजनाची एक म्हातारी. काट्यावर उभंच राहता येत नव्हतं, म्हणून नर्सने वजनाची जागा मोकळी सोडली. रक्त पातळ करायचं औषध. प्रोग्रॅमने हूं की चूं न करता डोस दाखवला, नर्सने दिला. डोस निघाला साठ किलोच्या माणसाचा. मेंदूत रक्तस्राव झाला आणि म्हातारी अतिदक्षता विभागात गेली.

"साठ" हा आकडा ऐकला आणि काकांना ती ओळ आठवली. पडदा बघायची गरजच नव्हती त्यांना. पहिल्या दवाखान्यात प्रोग्रॅम बसवला तो दिवस, वजन मोकळं राहिलं की प्रोग्रॅम मध्येच बंद पडायचा, आणि तो डॉक्टर सगळ्यांदेखत खेकसत होता की हे खेळणं उचला आणि चालते व्हा. काकांनी उभ्याउभ्या एक ओळ घुसडली: वजन नसेल तर साठ धर. प्रोग्रॅम चालला, डॉक्टर गप्प झाला. उद्या नीट करू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे आग लागली. बहुतेक नर्सा वजन भरतातच, आणि बहुतेक माणसं साठच्या आसपासच असतात. बारा वर्षं ना हाक ना बोंब.

मॅनेजरला येऊन आठ महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता, पण दवाखान्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं आणि त्याची पाचावर धारण बसली होती. त्याने ती आज्ञा चालवली. चारशे बारावी ओळ, शेजारी बाईंचं नाव.

मंगळवारी सकाळी त्याने सगळ्यांना मोठ्या टेबलाशी बसवलं.

"ही ओळ मी लिहिलेली नाही," बाई म्हणाल्या. "मी फक्त मोकळ्या जागा नीट केल्या."

"नाव तुमचं दिसतंय."

"सगळीकडेच माझं दिसतंय. सर, मी हलवलंय ते!"

"हलवताना काही बदललं नाही कशावरून? अकरा हजार ओळी आहेत बाई. एखादी चुकून—"

"चुकूनसुद्धा नाही." बाईंचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. वळून काकांकडे बघितलं. "काका, जुन्या सर्व्हरवर सगळा इतिहास आहे ना? पासवर्ड तुमच्याकडेच आहे. एकदा उघडून दाखवा ना, म्हणजे मिटलंच."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर नेला.

"तो सर्व्हर?" ते म्हणाले. "तो कधीच बंद पडलाय."

अरे, सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात या माणसाने कुणाचा पैसुद्धा बुडवला नव्हता! खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं त्याने. शब्द बाहेर पडले आणि मग त्याला कळलं की आपण बोललो. मागे घ्यायला क्षणभर वेळ होता. तोही गेला. बाई म्हणाल्या, "हो का," आणि खाली बघत राहिल्या.

बुधवारी बाईंचं प्रोग्रॅममध्ये शिरायचं दार बंद केलं गेलं. चौकशी होईपर्यंत, असं मॅनेजर म्हणाला. नोकरीचं काय ते सोमवारी ठरणार होतं. आणि दवाखान्यात असला घोळ करून निघालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला पुन्हा कोण दारात उभं करणार होतं? बाई मात्र ठोक्याला नऊ वाजता आल्या आणि दिवसभर बंद पडद्यासमोर वही घेऊन काहीतरी लिहीत बसल्या. चहाला कुणी बोलावलं नाही. एकेकाळी अख्ख्या घरावरून चेष्टा करणारे आता त्यांच्या टेबलाला वळसा घालून जात होते. काकांनी त्या दिवशी चार बदल मंजूर केले. एकही वाचला नाही.

गुरुवारी संध्याकाळी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या.

"तीन दिवस बघतेय. घशाखाली घास उतरत नाही तुमच्या. काय झालंय?"

काकांनी सांगितलं. म्हणजे म्हातारीचं सांगितलं, ओळीचं सांगितलं, डॉक्टर कसा खेकसला होता ते तर फारच रंगवून सांगितलं. सर्व्हरचं शेवटी, भाताकडे बघत.

"ती म्हातारी कशी आहे आता?" काकूंनी विचारलं.

तीन दिवसांत ऑफिसात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्यांनीही नाही.

"आणि सर्व्हर? खरंच बंद आहे?"

"नाही."

"म्हणजे खोटं बोललात."

"अगं, तीन वर्षं राहिलीत माझी. आता या वयात नाव खराब..."

"आणि तिचं? तिला काय नाव नाही?" काकू उठल्या. "ओळीचं मला काही कळत नाही. चुकतो माणूस. पण हे तुम्ही उद्याच्या उद्या निस्तरणार नसाल ना, तर मला सांगायचंच नव्हतं."

शुक्रवारी काका सगळ्यांच्या आधी पोचले. अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे तो सर्व्हर घुं घुं करत चालूच होता. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आत शिरले आणि शोध घेतला. चारशे बारावी ओळ. शेजारी त्यांचं नाव, बारा वर्षांपूर्वीची तारीख, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली टीप: "तात्पुरतं. उद्या नीट करणे."

खोटं कशाला सांगू, काका तिथे बराच वेळ बसले. एक आज्ञा दिली असती तर तो इतिहास कायमचा पुसला गेला असता. जगात दुसऱ्या कुणाकडे त्याची प्रत नव्हती. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. बाहेर जिन्यावर पावलं वाजायला लागली तेव्हा ते उठले आणि पडद्यावरचं सगळं छापून घेतलं.

मोठ्या टेबलाशी कागद ठेवून ते म्हणाले, "ओळ माझी आहे. बाईंनी तिला हातही लावलेला नाही."

मॅनेजरने कागद वाचला. काकांना वाटलं, आता हा भडकणार. तर त्याने मोठा निःश्वास सोडला आणि चक्क हसला.

"अहो काका, बारा वर्षांपूर्वीचं! तेव्हा ना चाचण्या होत्या, ना तपासायला दुसरा माणूस. तुमची काय चूक? हे बघा, अशा वेळी दोष माणसाला द्यायचाच नसतो, पद्धतीला द्यायचा. अहवालात कुणाचंही नाव घालायचं नाही. तुम्ही अगदी मनाला लावून घेऊ नका."

"आपला तो बाब्या," शंकासूर भिंतीकडे बघत पुटपुटला. पुढचं त्याने बोलायची गरज नव्हती, म्हण सगळ्यांनाच पाठ होती. मॅनेजरचे कान लाल झाले.

काकांना आधी सुटल्यासारखं वाटलं. खांदेच खाली आले त्यांचे. आणि मग त्या सुटकेचीच एवढी लाज वाटली की त्यांना बाईंकडे बघवेना.

बाईंनी कागद ओढून घेतला. शेवटपर्यंत वाचला.

"काका, मंगळवारी मी विचारलं, तेव्हा सर्व्हर चालू होता?"

"होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, बाई. माफ करा. मी घाबरलो."

"घाबरलात ते कळतं मला," बाई म्हणाल्या. "मीपण घाबरले होते. लेकीला सांगितलं नाही अजून." मग मॅनेजरकडे वळून त्या म्हणाल्या, "ओळीचा दोष पद्धतीला द्या, मला मान्य आहे. या दुसऱ्या दोषाचं काय लिहिणार?"

अहवालात त्यातलं काही आलं नाही. काकांनी एक वाक्य घातलं होतं, आपल्या नावासकट. मॅनेजरने ते काढून टाकलं.

दुपारी काकांनी दवाखान्याला फोन लावला. म्हातारी शुद्धीवर आली होती. उजवा हात हलत नव्हता, पुढे हलेल का ते कुणी सांगू शकत नव्हतं. तिची सून फोनवर आली आणि उलट त्यांनाच म्हणाली, चौकशी केलीत, बरं वाटलं.

बाईंचं दार उघडलं गेलं होतं. चारशे बारावी ओळ दुरुस्त करायचं काम त्यांनी मागून घेतलं. तीन दिवस वहीत त्या काय लिहीत होत्या ते आता कळलं. वजन मोकळं असलं, शून्य असलं, भलतंच असलं, तर काय व्हायला हवं, अशा एकेचाळीस चाचण्या. वजन नसेल तर प्रोग्रॅम आता डोस दाखवणारच नव्हता. चार वाजता त्यांनी बदल तपासायला पाठवला. तपासणाऱ्याच्या जागी आपोआप काकांचं नाव यायचं, गेली कित्येक वर्षं यायचंच. बाईंनी ते काढलं आणि शंकासुराचं घातलं. काकांच्या पडद्यावर तशी सूचना आली, एका ओळीची.

काका उठून त्यांच्या टेबलाशी गेले. "बाई, हा एक बदल मला तपासू द्या. नीट वाचतो. शब्द देतो."

"वाचा की, काका. वाचायला कुणाची ना आहे?" बाईंनी मान वर केली नाही. "मंजूर मात्र त्यांना करू द्या."

काका जागेवर आले. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एकेचाळीस चाचण्या, एकेक करून. सहा वाजले, दिवे लागले, माणसं निघून गेली, शंकासूर समोरच्या टेबलावर तेच वाचत होता. काकांनी बारा वर्षांत इतकं नीट काही वाचलं नव्हतं. त्यांना एकही चूक सापडली नाही, आणि मंजुरीचं बटण त्यांच्या पडद्यावर नव्हतं.