सुरीच्या माथी मारलेली जखम

सफ्रू गावाच्या वरच्या आळीत खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या करणारा बूश्ता माणूस म्हणून चांगला, पण तोंडाचा फटकळ. तीस वर्षं लोखंड कापलं आणि दहाही बोटं शाबूत, याचा त्याला केवढा ताठा! ग्राइंडरच्या चकतीवरचं गार्ड काढून काम करणाऱ्या दोघांना त्याने दुकानातून हाकललं होतं. डोळ्यांवर चष्मा नाही, तर काम नाही. दोन्ही हात मशीनवर नाहीत, तर घरी जा. लोक त्याची नक्कल करून हसायचे, पण जाळी मात्र त्याच्याकडूनच करून घ्यायचे.

आणि याच शहाण्याने बकरी ईदच्या दिवशी स्वतःच्या गच्चीवर काय करावं?

मेंढा कापून झाला होता. मुंडकं भाजून झालं होतं, शिंगं तेवढी राहिली होती. दर वर्षी तो ती हातकरवतीने कापायचा, अर्धा तास घाम गाळत. यंदा बायको तामो जिन्यातून ओरडली, "अहो, शिंगं कापताय की नवी उगवायची वाट बघताय? माणसं येतील आता जेवायला!"

झालं. बूश्ताने ग्राइंडर काढला. लोखंडाच्या चकतीने शिंग जळतं आणि घाण वास सुटतो, म्हणून लाकडाची दातेरी चकती चढवली. शिंगाच्या वेटोळ्यात गार्ड आडवं येत होतं, ते काढलं. मग एका हातात मशीन, दुसऱ्या हातात चरबीने बुळबुळीत झालेलं शिंग. दोन मिनिटांचं तर काम!

चकती शिंगाच्या मुळाशी अडकली, मशीन उसळलं आणि डाव्या तळव्यावरून फिरून गेलं. हातातून सुटून फरशीवर पडलं तरी चकती गरगरतच होती.

दवाखान्यात त्या दिवशी कापलेल्या हातांची रांगच लागलेली. नर्स वैतागली होती. "आज गावातला प्रत्येक मास्तर आणि कारकून खाटीक झालाय. तुमचंही सुरीच ना?"

बूश्ताने नुसती मान डोलावली. तोंडाने बोललो नाही म्हणजे खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत. पण तिने फडकं सोडून पाहिलं आणि म्हणाली, "सुरीने कडा अशा फाटत नाहीत हो."

"बोथट होती," तो पुटपुटला.

अकरा टाके पडले. ती बोथट सुरी मात्र त्याच्याआधी आळीत पोचली. तामोला खरं ठाऊक होतं, पण नवऱ्याची लाज राखायची म्हणून तीही विचारणाऱ्याला तेच सांगत राहिली. आता आळीतल्या झाडून सगळ्या सुऱ्यांना धार लावतो एकच माणूस, बा कद्दूर. वय पंचाहत्तर. "म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय," बायका म्हणू लागल्या. शिंप्याने आपली कात्री परत नेली.

तिसऱ्या दिवशी कद्दूर स्वतःच आला. आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात तसा निळ्या कागदातला साखरेचा सुळका त्याने तबकात ठेवला आणि म्हणाला, "सुरी दाखव, उस्ताद."

तामोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिने सुरी आणून दिली. कद्दूरने पात्यावरून हलकेच अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"मला तर धार लागतेय रे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणजे डोळ्यांमागोमाग अंगठाही गेला माझा. उद्या धार लावायचं चाक विकून टाकतो. कुणाचा जीव घेण्यापेक्षा ते बरं."

"चहा घ्या ना, बा," तामो घाईघाईने म्हणाली.

तामोने दिलेला पेला बूश्ताने खाली ठेवला. गप्प बसलं की सगळं झाकून जाणार होतं. समोर म्हातारा आपलाच अंगठा असा बघत बसला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"सुरी चांगली आहे, बा," तो कसाबसा म्हणाला. "सुरीने नाही कापलं." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. चकती, गार्ड, एक हात, सगळं.

कद्दूरने सुरी खाली ठेवली. मग भडकला. "तीन दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या! आणि तू उशीला टेकून चहा ढोसतोयस?"

"चुकलं, बा."

"मला काय सांगतोस? माझ्या अंगठ्याला ठाऊक होतं. ऊठ, बाहेर चल."

आळीच्या तोंडाशी पाव भाजायची सामायिक भट्टी आहे. बायका भाजायचे पाव फळ्यांवर घेऊन उभ्या होत्या, पुरुष दुपारचा नमाज उरकून परतत होते. बूश्ता जमिनीकडे बघत म्हणाला, "सुरीचा दोष नाही. गार्ड मी काढलं होतं. चकती भलतीच लावली, आणि मशीन एका हाताने चालवलं."

कुणीतरी फिसकन हसलं.

"पुटपुटू नकोस," कद्दूर म्हणाला. "आत भट्टीवाल्यालाही ऐकू जायला हवं. त्याच्या सुऱ्यांनाही धार मीच लावतो."

बूश्ताने मान वर केली. कानशिलं लाल झाली होती. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आता मोठ्याने.