आभाळाखालचा मांडव

"लिहिलंय ते बरोबरच असणार. पण मला एक विचारायचंय." असं म्हणून बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, की समजावं, आता देवाचीसुद्धा धडगत नाही.

भुसावळला त्या आमच्या शेजारी राहायच्या. रेल्वेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. आडनाव कोकणातल्या गावावरून, बोलणं आपल्यासारखं, धर्म यहुदी. कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी पारशी. "आम्ही इस्राएल. तुमच्याकडे रेल्वे आली तिच्याबरोबर आलो," एवढं सांगून त्या विषय मिटवायच्या. एके काळी रेल्वे कॉलनीत त्यांची बरीच घरं होती म्हणे. मी सून म्हणून आले तेव्हा हे एकच उरलं होतं.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बाई काचेच्या पेल्यात तेलाची वात लावत. मग शनिवारी संध्याकाळपर्यंत गॅस पेटवायचा नाही. चहा आदल्या दिवशीच थर्मासमध्ये. तो पुचाट चहा प्यायला मी दर शनिवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर हजर, कारण चहाबरोबर तोरा असायचा. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. आठवड्याला एक भाग वाचत ती वर्षात संपवायची आणि लगेच पुन्हा पहिल्या पानावर यायचं. त्यांच्या देवळात तोराची गुंडाळी उघडून वाचायचं तर दहा पुरुष लागतात. "इथं दहा कुठले आणायचे? तू आहेस, तू ऐक," असं म्हणून त्या मराठीतून वाचायला लागत.

आणि वाचता वाचता भांडत. अब्राहाम त्यांचा लाडका, पण त्यालाही सोडत नसत. सदोम गाव जळू नये म्हणून हा देवाशी घासाघीस करतो आणि पोटच्या पोराला बळी द्यायला सांगितलं तर तोंड उघडत नाही? सकाळी उठून निघाला, पण बायकोला विचारलं का? मीही काही कमी नव्हते. अब्राहामाचा नातू याकोब सासऱ्याकडे वर्षानुवर्षं राबला हे ऐकल्यावर मी म्हटलं, बाई, हा तर घरजावई! त्या इतक्या हसल्या की पुढचं वाचायचंच राहिलं. देवाला प्रश्न विचारले म्हणजे भक्ती कमी होते, हे माझ्या डोक्यातलं खूळ त्यांनीच काढलं, आणि मला ते निघाल्याचा फार आनंद आहे.

त्यांचा सगळ्यात लाडका सण मांडवाचा. कधी भाद्रपदाच्या पौर्णिमेला येतो, कधी कोजागिरीला. पूर्वज रानात झोपड्यांत राहिले त्याची आठवण म्हणून अंगणात मांडव घालायचा आणि आठवडाभर त्यात जेवायचं. छपराला जमिनीतून उगवलेलंच हवं, कापड नको, पत्रा नको. वर दुसरं छत नको. आणि पानांच्या फटींतून चांदण्या दिसायला हव्यात. आमची केळीची बाग. माझे सासरे आबा पिंपावर बसून पानं पोचवायचे नाहीत असं एकही वर्ष गेलं नाही.

पिंप म्हणजे बैलगाडीच्या जागी आलेली त्यांची जुनी तीनचाकी. तिचा आवाज रिकाम्या पिंपासारखा होता.

मुलगा मात्र आईला पुण्याला न्यायच्या मागे लागलेला. बाई एकच विचारत, तुझ्या गॅलरीच्या वर काय आहे? तो म्हणे, वरच्यांची गॅलरी. मग मांडव कुठं घालू? त्याला वाटे आई बहाणे करते. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो हट्टालाच पेटला. तेव्हा बाईंनी त्याला सांगितलं, यंदा पहिल्या संध्याकाळी ये, माझ्यासोबत मांडवात जेव, मग घर सोड म्हणालास तर सोडते. वडील गेल्यापासून तो मांडवात बसला नव्हता. आम्ही दिवस मोजायला लागलो. बाई निवांत.

तो आला त्याच दिवशी दुपारी परतीचा पाऊस बदाबदा कोसळला. बाई आत स्वयंपाकात. पाऊस थांबला तसा तो आणि मी ताटं घेऊन अंगणात आलो, तर मांडवावर आमच्या शेतातली निळी ताडपत्री. चारी कोपरे दोरीनं असे आवळलेले की वादळानंही उडू नये. शेजारी आबा, नखशिखांत भिजलेले आणि खूश.

"बाईचं ताट भिजलं आसतं ना," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत पानं आबांनी दिली, पण ती कशासाठी हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे मांडव घालतात तो ऊन-पाऊस लागू नये म्हणून! बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वर बघितलं, आबांकडे बघितलं, आणि ज्या बाई अब्राहामाला सोडत नसत त्या गप्प राहिल्या. आबांना दुखवण्यापेक्षा त्यांनी सण घालवला असता, हे मला तिथंच कळलं.

मुलगा मान वर करून बघत होता.

"आई, आभाळ कुठंय?"

एवढंच म्हणाला आणि स्टुलावर चढला. दिवस मावळला की सण लागतो, मग गाठ सोडता येत नाही. ऊन भिंतीच्या वरच्या टोकाला पोचलेलं. आबांची गाठ म्हणजे आबांची गाठ, पठ्ठ्यानं दातानं सोडली. शेवटचा कोपरा सुटला तसं ताडपत्रीत साचलेलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर. बाई खो खो हसत सुटल्या, आणि डोळे पुसायला पदर घेतला तो बराच वेळ खाली आला नाही.

आबा ओशाळून घरी निघाले होते. बाईंनी त्यांना थांबवलं.

"आमच्यात म्हणतात, या आठवड्यात रोज आमचा एकेक पूर्वज मांडवात पाहुणा येतो. आज अब्राहामाचा दिवस. वाटसरूला उन्हात उभं राहू द्यायचा नाही तो. त्याच्या शेजारी तुम्ही बसा."

आबा बसले. वरून टपटप पाणी पडत होतं, वरणात पडत होतं. मुलगा जेवला आणि घर सोडायचा विषय त्यानं काढला नाही.

मला वाटलं, जिंकलो. कुठलं काय! पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. त्यानं घर बदललं होतं. सगळ्यात वरचा मजला, पुढं गच्ची, वर काही नाही. आता बाईंना नाही कसं म्हणता येणार? रागवावं तर कुणावर? त्या गेल्या, हसत गेल्या. मी मात्र स्टेशनवर रडले, आणि लाजले नाही.

यंदा कोजागिरीच्या दिवशी दुपारी पिंपाचा आवाज आला. बघते तर बाईंच्या बंद घराच्या अंगणात आबा बांबू रोवून वर केळीची पानं टाकताहेत, विरळ, आभाळ दिसेल अशी. मी म्हटलं, आबा, बाई तर पुण्याला. त्यांच्या गच्चीवर झाला असेल मांडव.

आबांनी हातातलं पान ठेवलं.

"त्या तिकडे हायेत, हे त्या पाव्हन्याइले ठाव हाय का? इथी आले तं कुठी बसतीन ते?"

मी घरात गेले आणि ताटं काढली.