शनिवारचा संप

मी एकदा संप केला आणि तो केलाय हे मालकाला सांगायचंच विसरले. हसू नका. तेव्हा मी नुकती साठी ओलांडलेली, मुलाकडे आखातात, अल बर्शाला राहायला आलेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशा भ्रमात वावरणारी बाई होते.

निमित्त झालं नातीच्या इतिहासाचं. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. परीक्षा आली की ती धडा मोठ्यानं वाचायची आणि मी शेजारी मेथी निवडत ऐकायची. पोलादाचे कारखाने, रेल्वे, कामासाठी शहरात लोटलेली माणसं, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं. एका कारखानदारानं तर कामगारांसाठी अख्खं गाव वसवलेलं. घर त्याचं, दुकान त्याचं, दवाखानाही त्याचाच.

"किती चांगला माणूस," मी म्हटलं.

"नो आजी, दॅट्स द प्रॉब्लेम."

प्रॉब्लेम काय ते मला कळेना. मेथीची दुसरी जुडी सोडली तेव्हा कुठे उजेड पडायला लागला. मी राहते ते घर मुलाचं. फोनचं सिम मुलाच्या नावावर. माझा व्हिसासुद्धा मुलाच्या स्पॉन्सरशिपवर. पुढच्या पानावर ते कामगार आठच तास काम करू म्हणत रस्त्यावर उतरले होते, आणि शिकल्यासवरल्या बायका त्यांच्या बाजूनं सभा घेत होत्या. मला काही आठ तास नको होते. मला फक्त शनिवार हवा होता. दर शनिवारी सकाळी ऊद मेथा नावाच्या भागात माझ्या वयाच्या मराठी बायका जमायच्या, गाणी म्हणायच्या, सुनांबद्दल मनसोक्त बोलायच्या. मी एकदाच गेले होते. बाकीचे शनिवार थालीपिठं, लोणी, दोन चटण्या आणि मग दुपारचं साग्रसंगीत जेवण यात जायचे.

तेव्हा एका शनिवारी मी उठलेच नाही. दार लोटून पडून राहिले.

मुंबईत बँकेत असताना मी संप केले होते की. पण तिथं घोषणा युनियनवाले द्यायचे, मागण्या पुढारी मांडायचे, आणि मी घरी बसून स्वेटर विणायची. संप म्हणजे घरी राहणं, एवढंच माझं ज्ञान. आता तर मी घरीच होते.

थोड्या वेळानं मुलगा बीपीचं मशीन घेऊन आला. "आई, चक्कर येतेय का तुला? यल्ला, चल, डॉक्टरकडे जाऊ." मागोमाग सून पेज घेऊन आली. मी बाणेदार चेहरा केला, तो त्यांना आजारी वाटला. मग त्यांनी बाहेरून इडल्या मागवल्या. संप फोडणारा मोटरसायकलवरून आला, आणि संपवाल्या बाईनं पेज बाजूला सारून त्याच इडल्या हादडल्या.

खाताना नातीनं पकडलं. "आजी, यू आर नॉट सिक."

मी तिला हळूच खरं ते सांगितलं. ती एकदम गंभीर झाली. "ओके. बट हू इज द ओनर?"

इथं माझी गाडी अडली. मुलगा म्हणावा, तर तो स्वतःच घरी आल्यावरही बॉसच्या फोनला उभा राहून बोलतो. सून म्हणावी, तर तिनं मला 'हे करा' म्हटल्याचं एकदाही आठवेना. मग मला कामाला लावलं तरी कुणी?

"अँड व्हॉट्स युवर डिमांड?"

"शनिवार."

ती उठली आणि हॉलमध्ये जाऊन जाहीर करून मोकळी झाली, "आजी इज ऑन स्ट्राइक. शी वॉन्ट्स सॅटर्डे."

बाहेरून मुलाचं हसू ऐकू आलं. पेज करून आणणाऱ्या माणसांना मी कारखानदार ठरवून बसले होते. मागणी मागे घ्यावी तर शनिवार गेला, ताणून धरावी तर कुणाविरुद्ध, काही सुचेना.

सून आत आली. हसत नव्हती, रागावलेलीही दिसेना. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आई, शनिवारी आम्हालाही नुसतं बाहेर पडावंसं वाटतं हो. पण तुम्ही पहाटेपासून एवढं मांडून ठेवता, ते टाकून जायचं कसं, म्हणून आम्ही थांबायचो."