नियमात बसणारा ब्लॉक

संस्थान विलीन झालं आणि धारच्या दरबारी मोटारखान्यातली दादाची मिस्त्रीगिरी गेली. निघताना त्यानं भंगारातली एक मोटार मिळवली, तिच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर आणि त्यांभोवती खेळणारं पाणी धरणारा ओतीव सांगाडा, फुटलेला होता. त्याच सुमारास देवासबाहेरच्या सरळ रस्त्यावर अर्ध्या मैलाची शर्यत ठरली. ती भरवणाऱ्या बसमालकानं सांगितलं होतं, जिंकेल त्याला आपला हेडमिस्त्री करतो. दादा हट्टाला पेटला.

नियम एकच कडक होता. ब्लॉक गाडीच्या मूळ मॉडेलचाच हवा. आम्हांला दोन मिळाले. एक लॉरीचा, दणकट, पण मोठ्या सिलिंडरांचा, म्हणजे बाद. दुसरा हवा तसा हुबेहूब. तो मी तपासायला घेतला. घासलेट फासलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली. तडा असला तर आत मुरलेलं घासलेट पुडीवर उमटतं, हे दादानंच मला शिकवलेलं. पुडीवर केसाएवढी ओली रेघ आली.

मी ती फडक्यानं पुसली. अर्ध्या मैलात काय होतंय, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे त्याच्या हाताखाली मलाही नोकरी हवी होती.

"भिया, ठीक से पाहिलंस ना?" दादानं विचारलं.

"हो दादा, एकदम बराबर आहे."

वजन कमी व्हावं म्हणून आम्ही बॉनेट आणि समोरची काच काढून टाकली होती. शर्यतीच्या दिवशी झेंडा पडायला उशीर झाला आणि इंजिन उन्हात तापत राहिलं. दादा सगळ्यांच्या पुढे होता. अर्ध्या वाटेवर तडा उकलला आणि उकळतं पाणी सरळ त्याच्या तोंडावर आलं. त्याचे दोन्ही डोळे गेले.

इंजिनं तपासायला नेमलेल्या माणसांनी आमच्या गाडीत डोकावूनही पाहिलं नव्हतं. लॉरीचा ब्लॉक सहज खपून गेला असता. याचा मला अजून संताप येतो. त्यांना शिव्या घातल्या की घटकाभर बरं वाटतं, एवढंच.

पुढे एकदा आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनी वाढत होती. दादा ताटात भाजी चाचपत म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तडा अंदरून असेल, बाहेरून कोणाला दिसणार?"

मी हो म्हणालो आणि आणखी एक पोळी मागून घेतली.