धाकट्या भावाचे गुणवर्णन

कुंडलच्या बसस्थानकासमोर चंदनबालेचे झेरॉक्स आणि टंकलेखनाचे दुकान आहे. परंतु पंचक्रोशीत तिची कीर्ती पसरली ती विवाहेच्छूंच्या परिचयपत्रांमुळे. वराचे टक्कल तिच्या हातून ‘भव्य भाळ’ होऊन बाहेर पडते आणि दिवसभर पारावर बसणाऱ्या मनुष्याला समाजकार्याची आवड उत्पन्न होते. यात असत्याचा सल तिला कधी टोचला नाही. वाचणाराही त्यातले निम्मे मनातल्या मनात वजा करतोच, अशी तिची धारणा.

धाकटा भाऊ सम्मेद सोळा वर्षांचा. विद्यार्थी-विनिमय योजनेतून वर्षभरासाठी डेन्मार्कला त्याची निवड झाली, तेव्हा ज्या घरी तो राहणार त्या कुटुंबाला परिचयपत्र लिहिण्याचे कर्तव्य साहजिकच तिच्याकडे आले. तिने ते सिद्धहस्तपणे इंग्रजीत रचले: कुमार ब्राह्ममुहूर्ती उठतो, भांडी घासतो, भाकरी थापतो, म्हशीची धार काढतो. वस्तुतः कुमाराला आठ वाजता उठवायला दोन माणसे लागत.

चौथ्या दिवशी तिकडच्या किर्स्टनबाईंचे उत्तर आले. त्यांचा गाईंचा गोठा होता. असा मुलगा लाभणार म्हणून त्या हरखल्या होत्या. दोन आठवड्यांनी रविवारी व्हिडिओवर त्याला धार काढताना पाहायचे आणि मग घर निश्चित करायचे, असा त्यांचा मानस. त्यांनी नकार दिला तर दुसरे घर शोधायला वेळ उरला नव्हता. सम्मेदचे वर्षच हुकणार होते.

“आक्का, ह्यातलं मी काय करतो गं?” सम्मेदने विचारले.

“परिचयपत्रात कोण खरं ल्हितं व्हय रं?”

“पर मी तितं लगीन करायला चाललोय का?”

“त्येंनी अक्षर न् अक्षर खरं मानलं, ह्यात माजा काय दोष? उद्यापास्नं पाचला ऊठ.”

मग साधनेला आरंभ झाला. पहिली भाकरी परातीतून तव्याकडे जाताना वाटेतच दुभंगली. “आरं, पीठ हाय त्ये, वैरी न्हाई,” असे म्हणून आई सुलाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. भाकरी आठवडाभरात खाण्याजोगी झाली. म्हैस मात्र बधेना. तिला सुलाबाईंच्या हाताची आणि लुगड्याच्या वासाची सवय. सम्मेद जवळ बसला की ती पान्हा चोरून त्याच्याकडे तुच्छतेने पाही.

रविवार उजाडला. संध्याकाळी धारेच्या वेळी चंदनबाला मोबाईल घेऊन गोठ्यात उभी राहिली. किर्स्टनबाई पडद्यावर अवतरल्या. आणि त्यांना दिसले ते असे: डोक्यावरून हिरव्या लुगड्याचा पदर घेतलेली, मिसरूड फुटलेली एक आकृती म्हशीखाली बसली आहे आणि चरवीत दुधाची धार घुमते आहे.

“हा तुमच्याकडचा पारंपरिक वेष आहे का?” बाईंनी इंग्रजीत आदराने विचारले.

‘सहस्र वर्षांचा’ हे शब्द चंदनबालेच्या जिभेवर येऊन उभे राहिले. इतक्यात पदराआडून सम्मेदच बोलला, “नाही. हे आईचं लुगडं आहे. ते नसेल तर म्हैस दूध देत नाही. आणि ते पत्र माझ्या बहिणीनं लिहिलं. त्यातलं सगळं मी या दोन आठवड्यांत शिकलो.”

किर्स्टनबाई गंभीर झाल्या. “उद्यापर्यंत खरे पत्र पाठवा,” त्या म्हणाल्या. “ते वाचून मी ठरवीन.”

फोन बंद होताच चंदनबाला उसळली. “गप बसला असतास तर?”

“आन् वरीसभर तितं लुगडं नेसून फिरलो असतो!”

दिवेलागणीला दोघे दुकानात बसली. सम्मेद सांगू लागला आणि चंदनबाला, दातांच्या वैद्याकडे दात उपटून घ्यायला बसल्यासारख्या मुद्रेने, टंकू लागली. उठायला उशीर होतो. गणित कच्चे. कपडे जमिनीवर पडतात. एकेक वाक्य उमटताना तिची बोटे विशेषणासाठी तडफडत.

“आता घोरतो म्हून घाल.”

“थांब, ‘क्वचित’ लावूया.”

“आक्का!”

तिने दीर्घ श्वास घेतला. ‘क्वचित’ पुसले, आणि सोळा वर्षे भिंतीपलीकडून ऐकलेले सारे स्मरून तिथे आपणहून ‘फार’ घातले. पत्र गेले.

सोमवारी दुपारी उत्तर आले. घर निश्चित. धारेला यंत्र आहे, उठवायला आपण आहोत. मात्र घोरण्याचे वाचून त्याचे अंथरूण मुख्य घरातून हलवले आहे. अंगणापलीकडे पाहुण्यांसाठी बांधलेले छोटे घर त्याला एकट्याला मिळेल.

“अख्खं घर, आक्का! एकट्याला!” सम्मेद दुकानातच नाचू लागला.

चंदनबालेने शांतपणे कीबोर्ड पुढे ओढला.

“थांब गड्या. रातभर मोबाईल बगत बसतोस, त्ये ल्ह्यायचं ऱ्हायलं.”