मशीनमधले तीळ

आमच्या क्वार्टरच्या मधल्या खोलीत चाकांवरचं एक मशीन आहे, गुडघ्याएवढं. ते सतत घरघरतं आणि थोड्या थोड्या वेळानं फुस्स करतं. पाहुणे त्या फुस्सला दचकतात. माझं उलटं आहे. फुस्स ऐकू आलं नाही की मी दचकते. भाकरी थापताना, भांडी घासताना, गॅलरीत उभं राहून बोलताना माझा एक कान तिकडे असतो. शेजारीण विचारते, भाभी, आपका ध्यान कहाँ रहता है? आता तिला काय सांगणार.

मशीन मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांचा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी गेला, त्यात बिड्या. फुप्फुसं थकली. गावाकडे धाप वाढली तसं ह्यांनी त्यांना दिल्लीला आणलं आणि ते आले नेमके थंडीच्या तोंडावर. तेव्हा इथं सकाळी समोरची बिल्डिंग दिसत नाही, वाळत घातलेल्या धुण्याला धुराचा वास लागतो. डॉक्टर म्हणाले, घरीच ऑक्सिजन द्या, दिवसातला जास्तीत जास्त वेळ. हे फौजेत, कधी कधी आठवडाभर बाहेर. म्हणजे घरात मामंजी, मशीन, चौथीतली मुलगी आणि मी. माझ्या हातून काही चुकलं तर, हा विचार दिवसभर पाठीमागे फिरायचा.

मामंजींचं माझ्यावर फार ऋण आहे. मी आठवीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन आले तेव्हा वाचता यायचं, पण ठेचकाळत. मामंजी युनियनमध्ये होते, घरात पत्रकं यायची. संध्याकाळी मला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावायचे. चुकले तर हसायचे नाहीत. अडलं की थांब, पळू नको, एवढंच म्हणायचे. ह्यांची बदली दिल्लीला झाली तेव्हा सासूबाईंचं म्हणणं होतं, सून इथंच राहू दे. मामंजी म्हणाले, ती जाईल. त्या दोन शब्दांवर मी इथवर आले.

मशीन बसवायला दिल्लीतल्याच द्वारकेहून एक टेक्निशियन आला होता. अंदर दाने हैं, हवा को सोखते हैं, फिर अंकल को ऑक्सिजन मिलती है, असं काहीसं त्यानं सांगितलं. मामंजींनी विचारलं, काय म्हणतो तो? मी सांगितलं, आत दाणे आहेत, ते हवा शोषून घेतात आणि तुम्हाला प्राणवायू देतात. मामंजी मशीनकडे बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, नवलानं बघतायत.

मग मशीन दुपारचं बंद पडायला लागलं. मी स्वयंपाकघरात असायची आणि एकदम शांत व्हायचं. लाईट गेली म्हणावी तर फ्रिज चालू. धावत जाऊन बटण दाबलं की पुन्हा घरघर. मामंजींचे ओठ काळपट दिसायला लागले. बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा खाली खाली. मी टेक्निशियनला पुन्हा बोलावलं. त्यानं नळीतून येणारा ऑक्सिजन आपल्या यंत्रावर मोजला, सगळं उघडून बघितलं.

"मशीन बिल्कुल ठीक है, भाभीजी. इसे कोई बंद कर रहा है."

असं म्हणून त्यानं माझ्या मुलीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो गेल्यावर म्हणाले, "तिला बोलू नको. मी केलं."

"का पण?"

"पोरगी इथं बसून अभ्यास करते. खिडक्या बंद. त्यात हे यंत्र खोलीतली हवा शोषून मला देतं. तिला काय उरतं मग?" दम घ्यायला थांबले. "जन्मभर शोषणाविरुद्ध घोषणा दिल्या, सूनबाई. आता म्हातारपणी नातीचं शोषण करू?"

हसावं की रडावं कळेना. तसं नसतं हो मामंजी, मी म्हणाले. मग कसं असतं, त्यांनी विचारलं. युनियनच्या माणसाला नुसतं तसं नसतं म्हणून चालत नाही.

मी मुलीला अभ्यासाला स्वयंपाकघरात बसवलं. तर आणखी बिघडलं. ऊन त्या मधल्या खोलीतच येतं. माझ्यापायी पोरीला गारठ्यात बसवलं, असं म्हणून मामंजी जेवले नाहीत आणि नाकातली नळीच काढून ठेवली. मी पुन्हा लावायची, ते पुन्हा काढायचे. ते तीन-चार दिवस मी घरातल्या घरात नुसती येरझारा घालत होते.

रविवारी भाचा आला. माझ्या नणंदेचा मुलगा. इथं राहून कलेक्टर व्हायची परीक्षा देतोय आणि घरचं जेवायला आमच्याकडे येतो. भोगी जवळ आली होती म्हणून मी बाजरीच्या भाकऱ्या करत होते, तीळ लावून. मामंजींना स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसवलं होतं. भाच्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामी, शोषण नाही, अधिशोषण," आणि सुरू झाला. वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर आकर्षणामुळे, वगैरे.

"हा बोलतोय का पेपर लिहितोय?" मामंजी म्हणाले.

भाचा हसला. मग सोपं करून सांगू लागला. शोषणं म्हणजे आत मुरणं. अधिशोषण म्हणजे वरवर चिकटणं, आत जायचं नाही. माझा हात भाकरीवर थांबला.

"म्हणजे तीळ?" मी विचारलं.

"काय?"

"भाकरी आमटीत कुस्करली की आमटी पिते. ते शोषण. आणि हे तीळ लावलेत, ते वरच राहतात."

भाचा म्हणाला, असंच लिहितो मामी पेपरात. पुढचं आम्ही दोघांनी मिळून जुळवलं. मशीनमधल्या दाण्यांना इतकी बारीक बारीक भोकं असतात की मूठभर दाण्यांत वावरभर जागा निघते. मशीन हवा दाबून त्यांच्यातून सोडतं. हवेत पाचातले चार भाग नत्रवायू. तो दाण्यांना जास्त चिकटतो. प्राणवायू फारसा चिकटत नाही, तो पुढे नळीत जातो. मी ताटात सांडलेल्या तिळांवर तळहात दाबला आणि उचलून मामंजींना दाखवला. तीळ चिकटलेले. हात सैल करून झटकला, तीळ ताटात.

"हेच ते फुस्स," भाचा म्हणाला. "दाब काढला की नत्रवायू सुटतो, परत खोलीत. मग दाणे पुन्हा रिकामे."

आमच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये कोळसा असतो, तो पाण्यातला वास असाच चिकटवून घेतो, म्हणाला. गोळ्यांच्या डबीतली ती खाऊ नका लिहिलेली पुडी ओल धरते. मामांच्या फौजेतल्या गॅस मास्कमध्येसुद्धा कोळसाच. आणि मामी, त्या दाण्यांना ओल आवडत नाही, पाणी एकदा चिकटलं की सहज सुटत नाही, मशीनपाशी धुणं वाळत घालू नका. मी लगेच उठून मशीनशेजारचं धुण्याचं स्टँड हलवलं.

मामंजी ऐकत होते. म्हणाले, "ते सगळं खरं. पण माझ्या वाटचा प्राणवायू आला कुठून? तिच्याच खोलीतून ना?"

भाचा म्हणाला, आजोबा, तुम्ही त्यातला थोडाच वापरता, बाकीचा श्वासातून इथंच परत देता. आणि दाराच्या फटीतून हवा येत जात असतेच. पुस्तकात असेल, मामंजी म्हणाले.

अडलं की थांब. मी थांबले. मग मुलीला मधल्या खोलीत तिच्या जागेवर बसवलं, मामंजींना नळी लावली, दार लोटलं आणि मशीन सुरू केलं. आम्ही सगळे तिथंच बसून राहिलो. तिचा गृहपाठ संपला तेव्हा बोटाचा चिमटा तिच्या बोटाला लावला. ती आकड्याकडे वाकली.

"आजोबा, नाइंटी एट."

"म्हणजे किती?"

तिला मराठीत सांगता येईना. नव्वदच्या पुढे तिचं मराठी संपतं. ती माझ्याकडे बघायला लागली.

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणाले.

मामंजींनी तिचं बोट आपल्या हातात घेतलं, तो आकडा हलतो का बघत राहिले. हलला नाही. म्हणाले, आता माझं बघ. त्यांचाही चढलेला होता.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. मुलगी शाळेतून आली की आधी तिचं बोट, मग मामंजींचं. तिचा आकडा तिच्या तोंडून मराठीत ऐकल्याशिवाय ते मशीन चालू ठेवू देत नाहीत. ती कधी अठ्ठ्याण्णवला अठ्ठ्याऐंशी म्हणते आणि मामंजींचा हात बटणाकडे जातो. मी स्वयंपाकघरातून ओरडते, अठ्ठ्याण्णव म्हण गं, नीट म्हण. ती नीट म्हणते. हात मागे जातो. मी पुढची भाकरी थापायला घेते आणि फुस्स होईपर्यंत हात परातीतच ठेवून उभी राहते.