शोकसभेच्या मागच्या बाकावर

मी मेल्याची खबर माझ्या मायनंच पाठवली. चेष्टा नाही करत. सकाळी मला भाकर वाढली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग पाथरीच्या मावशीला फोन लावून मी गेल्याचं सांगितलं.

हुरड्याचे दिवस होते. मी पुण्याहून सुट्टी काढून गावी, झरीला आलो होतो. गोठ्यापाशी उन्हाला बसलो होतो, हातात चहाचा ग्लास. मागून एक कावळा आला आणि सरळ माझ्या डोक्यावर बसला. घिरटी मारून गेला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण हा बसला. केसांत नख्या रुतल्या. मी हात झटकला, चहा मांडीवर सांडला. मायनं चुलीपासून ते पाहिलं. तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

आमच्याकडं कावळा शिवणं म्हणजे मरणाची सूचना. त्यावर उतारा एकच. ज्याला शिवला तो गेला अशी खोटी खबर नातेवाइकांना धाडायची. कुणी तरी ती खरी मानून रडलं, की त्या आसवांनी त्या माणसावरचं मरण वाहून जातं. मग सांगून टाकायचं, अरे बाबा, जिवंत हाय. तोवर त्यानं घराबाहेर कुणाशी बोलायचं नाही.

मी इंजिनिअर माणूस. बोगदे खोदणाऱ्या यंत्रांचं डिझाइन करतो, डोंगराच्या पोटात उतरलेलो आहे. मी हसलो. मायचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. माझ्या बापालाही कावळा शिवला होता. तोही असाच हसला होता, खबर धाडू दिली नव्हती आणि शेरडं घेऊन रानात गेला होता. पुढची सुगी त्यानं पाहिली नाही.

"एकदा हसण्यावारी नेलं," माय म्हणाली, "आता तुला जाऊ देणार न्हाई. कोनी तरी रडस्तोवर तू मेलास. समजलं का?"

समजलं म्हटलं. काय करता!

पण मावशी पडली पक्की. मायचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच तिनं विचारलं, "कावळा शिवला का गं अक्का?" आणि मग मायच्या समाधानासाठी फोनवरच ऊंऊं करायला लागली. मायनं रागानं फोन कापला. "मेली नाटकं करायली," म्हणाली. "डोळ्यातून टिपूस न्हाई आन् गळा काढायली."

मावशीच्या सुनेनं मात्र अर्धंच ऐकलं होतं. तिनं लगेच माझा फोटो आणि मेणबत्ती स्टेटसला टाकली. दुपारपर्यंत ती मेणबत्ती आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पोचली.

त्या कॉलेजविषयी थोडं सांगतो. परभणीला तंत्रशिक्षणाचं ते एक मोठं ठिकाण आहे आणि तिथल्या लांबलचक वऱ्हांड्यात एक भिंत आहे. वर लिहिलंय, 'आमचा अभिमान'. नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो तिथं ओळीनं लावलेत. उपग्रहाचे सुटे भाग बनवणारा एक, जिल्हाधिकारी झालेली एक, परदेशात स्वतःची कंपनी काढलेला एक. माझाही आहे. कोट घातलेला, हसू न आलेला. नवीन पोरांना पहिल्या दिवशी त्या भिंतीपुढून फिरवतात.

तर ग्रुपवर हात जोडायला सुरुवात झाली. मायनं मला फोन बघायला परवानगी दिली होती, बोलायला नाही. "मेलेलं माणूस बोलत न्हाई," तिचं म्हणणं. मी वाचत बसलो. एकानं लिहिलेलं वाक्य बाकीच्यांनी जसंच्या तसं उचललं होतं. कुणी मला पूल बांधायला लावला, कुणी धरण. संध्याकाळपर्यंत माझी कर्तबगारी इतकी वाढली की मलाच मेल्याचं वाईट वाटायला लागलं. त्यातच एकानं विचारलं, हुरडा पार्टीचं काय ठरलं? त्यालाही लोकांनी पसंतीचे अंगठे टाकले.

"रडलं का कोनी?" माय दर थोड्या वेळानं विचारायची.

"लय जणं रडायलेत माय. हे बघ." मी तिला रडक्या तोंडाची पिवळी चित्रं दाखवली.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, निरखून पाहिलं. "ह्याचं पानी खरं हाय का?" तिनं विचारलं.

खरी गंमत, खरं तर गंमत कसली, उतरत्या उन्हात सुरू झाली. गावात ही रीत सगळ्यांना माहीत. माझ्या घरी काय चाललंय ते दुपारीच घरोघर कळलं होतं. उतारा मोडू नये म्हणून गावानं मला बघणं बंद केलं. शेजारची काकू ताक घेऊन आली, मी दारातच उभा होतो. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि मायला हाक मारली. मी बाजूला झालो नाही, तर तीच अंग चोरून, मला न शिवता आत गेली. पारावर गेलो. माझ्याबरोबर शेरडं राखलेला दोस्त तिथं बसला होता. म्हटलं, "काय लेका!" त्याची मान हलली नाही. बोलता बोलता त्यानं पाय लांब केले, मी जिथं बसणार होतो तिथं. त्याच्या डोळ्यांत चेष्टा असेल म्हणून वाकून पाहिलं. चेष्टा नव्हती. काहीच नव्हतं. मी जवळजवळ पळत घरी आलो.

माय दारात उभी होती. तीसुद्धा माझ्याकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शोकसभा असल्याचं ग्रुपवर आलं. माय म्हणाली, "जाऊ. तितं तुझी मानसं हायेत. तितं रडंल कोनी." मला एकट्याला घरी ठेवायला ती तयार नव्हती. मी तोंडाला मफलर गुंडाळला आणि आम्ही काळीपिवळीत बसून परभणीला गेलो. जीप गच्च भरली होती. माझ्या शेजारच्यानं मात्र माझ्या बाजूला वीतभर जागा सोडली होती. तो झरीचाच होता.

भिंतीवर माझ्या फोटोची जागा रिकामी होती. तिथं नुसता खिळा. फोटो सभागृहात खुर्चीवर ठेवला होता, चंदनाचा हार घालून, पुढं उदबत्ती. आपल्या स्वतःच्या फोटोला चंदनाचा हार बघणं काय असतं, ते सांगता येत नाही. मी मायचा पदर धरला, लहानपणी बाजारात धरायचो तसा.

आम्ही अगदी मागच्या बाकावर बसलो. मायला तिथं कुणी ओळखत नव्हतं. ती कधी कॉलेजात आलीच नव्हती, मीच कधी आणली नव्हती.

प्राचार्य उभे राहिले. शिष्यवृत्ती, पहिली नोकरी, परदेश, पुणे, बोगदे. चांगलं बोलले. खोटं एक अक्षर नव्हतं. आणि मला वाटलं, ह्यात रडण्यासारखं आहे तरी काय? मग माझा वसतिगृहाच्या खोलीतला जोडीदार उठला. आम्ही एका ताटात जेवलेली माणसं. तो बोलता बोलता थांबला. मायनं माझा हात आवळला. "रडायलाय का?" ती कुजबुजली. मीही मान उंच केली. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी त्यानं रडावं असं मला जितकं वाटलं, तितकं आयुष्यात दुसरं काही वाटलं नसेल. तो खोकला, पाणी प्याला आणि पुढं बोलू लागला.

मग सगळे मौन पाळायला उभे राहिले. मीही राहिलो, माझ्यासाठीच. सभागृह एकदम चिडीचूप झालं. मला माझा श्वास ऐकू येईना. छातीवर हात ठेवला, वर लोंबणाऱ्या मफलरच्या जाडीमुळं ठोका लागला नाही. मी घाबरून बाजूच्याकडं पाहिलं, त्यानंही माझ्याकडं पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर न थांबता पुढं गेली. हा माणूस झरीचा नव्हता. त्याला कावळ्याचं काही माहीत नव्हतं.

मौन संपलं. कुणी रडलं नाही. लोक चहाला बाहेर गेले.

माझं घर म्हणाल तर मायशिवाय कुणी नाही. बायकोशी कधीच काडीमोड झालाय, मूल नाही. माय बाकावरून उठली तेव्हा मला वाटलं, आता हरली बिचारी, घरी चल म्हणेल. ती फोटोकडं गेली. आधी नुसती उभी राहिली. मग हाराला हात लावला. आणि खाली बसून तिनं जो टाहो फोडला, तो आमच्या गल्लीत मयताच्या घरी ऐकलेला टाहो होता.

"माझ्या राजा रे! शेरडीच्या दुदावर जगवलं रे तुला! काटा मोडला तवा माझ्या मांडीवर पाय टाकून निजायचास रे! वसतिगृहाला गेलास, मागं वळून पाह्यलं न्हाईस रे! 'माय, नंतर बोलतो' म्हनायचास, म्या त्या नंतरची वाट पाहायले रे! आता कवा बोलशील रे!"

मी मफलर काढून फेकला. "माय, मी हाय! हे बघ, मी हाय!" तिच्या पुढं बसलो, तिचा हात ओढून माझ्या गालावर ठेवला. तिनं हात काढून घेतला. डोळ्यांतून धारा चाललेल्या, आणि त्या डोळ्यांनी तिनं माझ्याकडं पाहिलं.

"कोन हायेस बाबा तू?" तिनं विचारलं. अगदी मऊ आवाजात, परक्याला विचारावं तसं.

दारात लोक कप हातात घेऊन थिजले होते. मी त्यांच्याकडं बघून ओरडलो, "अरे सांगा हिला! मी आहे ना? दिसतोय ना मी?" कुणी बोलेना. शेवटी एक म्हातारे गुरुजी पुढं आले, झरीच्याच बाजूचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कावळा शिवला होता का रे?" त्या हाताचं वजन लागलं आणि मी ढसाढसा रडलो.

मायनं पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं. फोटोवरचा हार काढून खिडकीबाहेर टाकला. "उतरलं," म्हणाली. "चल."

परतीची जीप परभणीच्या बाहेर पडली. मग विचारलंच. "माय, मगा मला खरंच वळखलं न्हाईस का?"

ती बाहेर तुरीच्या रानाकडं बघत होती. "वळखलं असतं तर रडू आलं असतं का?" म्हणाली. आणि माझ्या खांद्यावर मान टाकून झोपून गेली, गडी पेरणी उरकून झोपावा तशी.

मला झोप कशी येणार? कावळ्याची भीती आता उरली नव्हती. दुसरीच बसली होती उरावर. एवढ्या मोठ्या भिंतीवर माझा फोटो, आणि माझ्यासाठी रडणारं माणूस जगात एकच, आणि ते म्हातारं झालेलं. तिच्यामागं मला कावळा शिवला तर खबर कुणाला धाडायची?

झरी आली. माय उतरली. मी तसाच बसून राहिलो. मागचे लोक खोळंबले, पण मला कुणी ऊठ म्हणेना, धक्काही देईना. तेव्हा मायनं खालून हाक मारली, माझ्या घरच्या नावानं. कालपासून तिनं ते एकदाही घेतलं नव्हतं. बाप गेल्यापासून ते नाव तिच्याशिवाय कुणाच्याच तोंडी नाही.

मी ओ दिली आणि खाली उतरलो.